सोळाव्या वर्षीचा परवाना आणि घरातली स्कूटर

दहावी संपताच मुलांना सोळाव्या वर्षी विनागिअर गाडीचा परवाना मिळतो, त्यामुळे क्लासला स्कूटर देण्यात गैर काही नाही, हे अनेक पालकांचे मत अर्धेच बरोबर आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 4 नुसार सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना केवळ 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, आणि आपल्या घरांसमोर उभ्या असलेल्या बहुतेक स्कूटर 100 सीसीच्या पुढच्या असतात. लुनासारख्या मोपेडच्या काळात ही सवलत खरोखर उपयोगाची होती. आज ती बरीचशी कागदावरच उरली आहे.

सहसा चर्चेत न येणारा मुद्दा याच कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ चा आहे. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालील गुन्हा केल्यास, आपल्याला त्याची कल्पना नव्हती हे सिद्ध न करू शकणाऱ्या पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. माझ्या मते मुलांना दंडापेक्षा ही शेवटची तरतूद अगोदर सांगावी, कारण दंड वडील भरतात (आणि मुलांना ते पक्के ठाऊक असते).