परिपाठाच्या दिवशी मुलीचे पोट दुखते

प्रश्न : एक आई, नाशिक
माझी मुलगी पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर मंगळवारी सकाळी तिचे पोट दुखू लागते आणि शाळेची रिक्षा निघून गेली की तासाभरात ती खेळायला लागते. बालरोगतज्ज्ञांनी तपासून कोणताही आजार नसल्याचे सांगितले. खोदून विचारल्यावर कळले, की मंगळवारचा परिपाठ तिच्या गटाकडे असतो आणि एकदा दिनविशेष वाचताना ती अडखळली तेव्हा मुले हसली होती. मी तिला चार मंगळवार घरी ठेवले. आता ती बुधवारीही कुरकुरते. सासूबाईंच्या मते ही सारी नाटके आहेत. शाळेशी कसे बोलावे?

उत्तर : शालेय समुपदेशक, पुणे
ही नाटके नव्हेत. भीती वाटली की पचन मंदावते, पोटात मुरडा येतो, मळमळते. त्यामुळे मुलीचे पोट खरोखरच दुखते, फक्त त्याचे कारण पोटात नसते. घरी राहिल्यावर तिला जी सुटका वाटते, तीच भीतीला खतपाणी घालते आणि मंगळवारची भीती बुधवारपर्यंत पसरते. म्हणून शाळा चुकवू देऊ नका, मात्र मंगळवारचे काम लहान करून घ्या : आधी नुसते गटासोबत उभे राहणे, मग मैत्रिणीबरोबर सुविचार वाचणे, आणि ते अंगवळणी पडल्यावरच एकटीने दिनविशेष. ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ असे सतत म्हणण्यापेक्षा ‘पोट दुखतंय हे कळतंय, तरी आपण जाऊ’ हे वाक्य अधिक उपयोगी पडते. इतके करूनही शाळा बुडत राहिली किंवा झोप आणि जेवण बिघडले, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा
ताई, वर्गशिक्षिकेला शाळा सुटताना दारात गाठू नका. तेव्हा तिचे अर्धे लक्ष रिक्षांकडे असते. वेळ मागून घ्या आणि मुलीच्या माघारी बोला. ‘तिला परिपाठातून वगळा’ अशी मागणी करू नका, कारण वगळलेले मूल वर्गाच्या नजरेत अधिकच भरते. वाचायचा कागद आदल्या दिवशी घरी मिळावा आणि हसणाऱ्या मुलांना बाईंनी वेगळे घेऊन समज द्यावी, एवढेच मागा. एखाद्या शिक्षकाने स्वतःच तिला वर्गासमोर टोचून बोलल्याचे कळले, तर मात्र गप्प बसू नका; शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे.

उत्तर : एक वडील, ठाणे
आम्ही मुलाला ‘वाचलेस तर सायकल’ असे आमिष दाखवले होते. तो वाचू शकला नाही, आणि भीतीच्या जोडीला सायकल गेल्याचे दुःखही आले. तेवढे टाळा.

प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर
बाईंनी समजून घेतले. पहिल्या मंगळवारी ती रिक्षात रडतच बसली, परंतु गटासोबत उभी राहिली. काल मैत्रिणीबरोबर सुविचार वाचला. घरी आली तेव्हा सुविचाराची चिठ्ठी घामाने भिजून कंपासपेटीत चिकटलेली होती. पोट अजूनही दुखते, पण डबा मात्र रिकामा येतो. एकटीने वाचण्याचा विषय बाईंनी काढावा, की तिने स्वतः म्हणेपर्यंत थांबावे?