मोठा जिताडा सोडायचा की घरी न्यायचा? हौशी गळवाल्यांना मर्यादा हवीच

खाडीकाठ:
दसऱ्याच्या सुट्टीतली एक पोस्ट गळवाल्यांच्या सगळ्या गटांत फिरतेय. खाडीच्या मुखाशी धरलेले तीन जिताडे (खाडीतला मोठा शिकारी मासा). त्यातला मोठा ओठाला चिमटा लावून उभा लटकवलाय, धरणाऱ्याच्या कमरेच्या वर येतोय. खाली लिहिलंय, "गळाने समुद्र रिकामा होत नाही. नियम ट्रॉलरला लावा, हौशी माणसाला मोकळं सोडा." आणि त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही.

जिताडा वयात येतो तो नर म्हणून, तीन-चार वर्षांचा झाल्यावर. पुढे ८० सेंटिमीटर ते मीटरभर वाढेपर्यंत त्याची मादी होते. म्हणजे फोटोतलं ते धूड मादी आहे, आणि अशी मादी एका हंगामात लाखांनी अंडी सोडते. गळाने किती मासे जातात हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणते जातात ते विचारा. जाळं जे समोर येईल ते घेतं. लुअरवाला, म्हणजे नकली आमिष टाकणारा, मात्र मुद्दाम सगळ्यात मोठ्याच्या मागे असतो, फोटो त्याचाच निघतो म्हणून.

आणि वेळ कोणती, तर आत्ताची. अश्विनात खाडीचं पाणी निवळतं, बोयरी माशांचे थवे मुखाकडे सरकतात आणि सुकती (ओहोटी) लागली की जिताडा खडकाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला दबा धरून बसतो. जागा सगळ्यांना पाठ आहेत. ज्यांना नव्हत्या त्यांना अशा पोस्टींनी नकाशासकट दिल्या.

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली, पापलेटला १३५ मिलिमीटर वगैरे. चांगलं केलं. पण जिताड्याला नुसती किमान लांबी लावून काय होणार? लहान सोडा म्हणजे नर सोडा, मोठ्या धरा म्हणजे माद्या धरा! त्याला वरची मर्यादा हवी. माझं म्हणणं साधं आहे: हौशी माणसाला दिवसाला एक जिताडा, ९० सेंटिमीटरच्या वरचा परत पाण्यात, आणि धरलेला मासा विकायचा नाही.

रीलवाला_पुणे:
ती पोस्ट माझ्या मित्राची आहे, म्हणून बोलतो. तुम्ही एका फोटोवरून माणसाला खलनायक केलंत. डिसेंबरमध्ये रात्री किनाऱ्यावर उभं राहून बघा, समुद्रात गाव वसल्यासारखे मासे ओढायला लावलेले एलईडी दिवे दिसतात. केंद्राने २०१७ पासून त्यावर बंदी घातली आहे. पर्ससीनवर, म्हणजे थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, राज्याचे २०१६ चे निर्बंध आहेत. किती पाळले जातात? एक पर्ससीन एका फेरीत जेवढं उचलतं तेवढं आमच्या गटातले सगळे मिळून जन्मात धरणार नाहीत. ते थांबवता येत नाही म्हणून रॉडवाल्याच्या मागे लागायचं.

दुसरं, आम्ही गावात पैसे सोडून जातो. राहणं, जेवण, होडीचं भाडं, सोबतचा स्थानिक माणूस. एका जिताड्यामागे आम्ही जो खर्च करतो तो बाजारभावाच्या कितीतरी पट असतो. आणि बहुतेक जण मासा सोडतोच. त्या दिवशी सोडला नाही एवढ्यावरून कायदा?

गाबीत_देवबाग:
माझो आजो कर्लीच्या मुखार गरवूक जाय. तेका कोणी परवानो इचारूक नाय. आता तुमी लोकांनी फोटो काढून काढून ही वेळ आणलास.

बाकीच्यांसाठी सरळ मराठीत लिहितो. दोघांनाही माझा विरोध आहे. पुणेकर भाऊ, पर्ससीनचं दुखणं आमचं आहे, ते तुम्ही ढाल म्हणून वापरू नका. त्यासाठी आम्ही मोर्चे काढलेत, समुद्रात भांडणं अंगावर घेतलीत, गुन्हे दाखल करून घेतलेत. तुम्ही त्यात कुठे होता?

आणि खाडीकाठ, तुमचा नियम कागदावर छान दिसतो. राबवणार कोण? राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा होडीला आणि जाळ्याला परवाना देतो. खडकावर गरी (गळ) घेऊन उभा माणूस त्याच्या हिशेबात धरलेलाच नाही, आणि तेच बरं आहे. उद्या नियम आला की पुण्याची गाडी सुटणार आणि माझा काका सापडणार. त्याच्याकडे होडी नाही. गरीवर एखादा इसवण किंवा तांबोशी मिळाली तर ती विकून घरात तांदूळ येतो. तो हौशी की धंद्याचा? सांगा.

डोलकाठी:
मी वेसाव्याची कोळीण. विक्रीचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. शनिवार-रविवारी धरायचं आणि सोमवारी थेट हॉटेलला द्यायचं, हे आमच्याकडे राजरोस चालतं. बर्फाचा खर्च नाही, डिझेल नाही, खलाशाचा पगार नाही, म्हणून भाव पाडून देतात. ज्या हॉटेलला मी वर्षानुवर्षं रावस दिला त्या मालकाने मला सांगितलं, मावशी, आता एक आयटीवाला आणून देतो. विकायची बंदी उद्या नाही, आजच करा.

पण ते मासा धरून सोडणं मला पटत नाही. पाण्यातून काढलंत ते घरी न्या, खा, शेजाऱ्याला द्या. नुसतं दमवायचं, फोटो काढायचा, परत टाकायचं, ही कुठली रीत? नारळी पौर्णिमेला आम्ही दर्याला नारळ देऊन मागतो ते पोटासाठी मागतो. अन्नाशी खेळ करायला नाही.

रीलवाला_पुणे:
ताई, म्हणजे सोडला तरी दोष, नेला तरी दोष?

डोलकाठी:
गरज नसेल तर गरी टाकूच नका, एवढंच. पत्ते खेळा.

ब्रिस्बेनहून:
मूळचा गुहागरचा, बरीच वर्षं क्वीन्सलंडमध्ये. इथला बॅरामंडी म्हणजे आपला जिताडाच, म्हणून सांगतो. ५८ सेंटिमीटरच्या खालचा ठेवायचा नाही, १२० च्या वरचाही ठेवायचा नाही. एका माणसाकडे एकूण पाच. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी धरणं बंद, कारण तो त्यांच्या अंडी घालण्याचा काळ. धरणात मुद्दाम माशाचं बी (पिल्लं) सोडलेल्या ठिकाणी १२० च्या वरचा एक चालतो, तिथे तो समुद्रात जाऊन वीण करू शकत नाही म्हणून. आणि गाबीत दादा, समुद्रात गळ टाकायला इथे परवाना लागत नाही. मर्यादा आहे, परवाना नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

सोडण्याबद्दल: डोलकाठी ताईंचं मला कळतं, माझी आईही हेच म्हणते. पण वरची मर्यादा ठेवली की सोडणं आलंच. गरी मोठी-लहान बघून लागत नाही.

गाबीत_देवबाग:
तिथे तपासायला माणूस असतो, बोट असते. इथे गस्तीची एक नौका किती किनारा बघणार? ऑस्ट्रेलियाचं ऑस्ट्रेलियात.

जिगमास्टर:
सोडण्यावर कोणी नीट बोलतच नाहीये. नुसता सोडला म्हणजे जगला असं नाही. ओठाला चिमटा लावून दहा-पंधरा किलोचा मासा उभा टांगला की जबडा आणि पोटातले अवयव दोन्ही दुखावतात. कोरड्या हातांनी धरला की अंगावरचा चिकट थर जातो आणि रोग लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात खडक तापलेला, त्यावर ठेवून टेप लावून मोजतात, मग तिघांचे तीन फोटो. तो पोहत गेलेला दिसतो, पुढे कुठे मरून पडतो ते कोण बघायला जातं? खोल पाण्यात जिग (धातूचं वजनदार आमिष) टाकणाऱ्यांचं तर विचारू नका. हेकरू मासा वर येतो तेव्हा हवेची पिशवी फुगून पोट तोंडातून बाहेर आलेलं असतं. तो आपोआप खाली जाऊच शकत नाही, तरंगत राहतो आणि घारी टोचतात. मी स्वतः सोडणारा आहे, पण गरीचा काटा पकडीने दाबून, मासा पाण्यातच ठेवून, खालून हात देऊन. हे करायचं नसेल तर ताई म्हणतात तेच बरोबर: धरलात तो न्या आणि थांबा.

रीलवाला_पुणे:
आता फोटोही काढायचा नाही! मग उरलं काय? आम्ही पहाटे तीनला निघतो, शेवाळलेल्या खडकांवर पाय मोडून घेतो. गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एकाला लाटेने ओढलं, थोडक्यात वाचला. हा आमचा जीव की प्राण आहे. तुम्ही सगळे मिळून आम्हाला गुन्हेगार ठरवताय.

डोलकाठी:
लाटेने ओढलं ते वाईट झालं, पण ते आम्हाला नका सांगू. माझा चुलत भाऊ फयान वादळात समुद्रात होता. २००९ साली. आमच्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही. तुमचा जीव छंदापायी धोक्यात जातो, आमचा कामापायी. हा फरक तुम्हाला कळत नाही म्हणून राग येतो.

जिगमास्टर:
विषय भरकटतोय.

डोलकाठी:
भरकटत नाहीये. याच्याच पोटात तो विषय आहे.

खारेपाट_पेण:
जिताड्यावर एवढं बोलणं झालं आणि आमच्या तळ्यांचं कोणी नावच काढलं नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरासमोरच्या तळ्यात जिताडा वाढवायची रीत जुनी. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची, पाहुणा आला की एक काढायचा. आता खारबंदिस्ती फुटल्यात, खारं पाणी भातात, तळी बुजवून प्लॉट पडले. आजोबांच्या वेळी ओंजळीने मिळणारी पिल्लं आता शोधून मिळत नाहीत. गळवाला राहू द्या, आधी खाडी जिवंत ठेवा. कारखान्यांचं पाणी सुटतं त्या दिवशी नर-मादी सगळे एकत्र उलटे होऊन तरंगतात.

खाडीकाठ:
खारेपाट, पिल्लं मिळत नाहीत त्याचं एक कारण माझ्या पहिल्या पोस्टमध्ये आहे. अंडी घालणारी मादीच नेली तर पिल्लू येणार कुठून? पाण्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. तळ्यांसाठी हॅचरीचं बी मिळतं, चेन्नईच्या निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्येच जिताड्याची वीण बंदिस्त जागेत करून दाखवली. खाडीतल्या जिताड्याला तशी सोय नाही.

रीलवाला_पुणे:
एक मुद्दा कोणीच विचारला नाही. जिताडा अंडी घालतो पावसाळ्यात. आम्ही धरतो दसरा-दिवाळीत. वीण होऊन गेल्यावर धरला तर बिघडलं काय?

खाडीकाठ:
पुढच्या पावसाळ्यात कोण घालणार? ही मादी वीस-वीस वर्षं जगू शकते. तिची जागा घ्यायला नराला आधी तेवढं वाढावं लागतं, आणि वाटेत पाग, बोक्शी, कांडाळ ही जाळी, गरी सगळं आहे. पिकलेलं कापलं म्हणून झाड मरत नाही हे आंब्याला लागू होतं, जिताड्याला नाही.

गाबीत_देवबाग:
हे मात्र खरं. आमच्याकडे जुने लोक मोठ्या जिताड्याला "थोरली" म्हणत, पण धरत होतेच, सोडत नव्हते. तेव्हा माणसं कमी होती आणि नायलॉन नव्हतं. मी ९० च्या वरचा सोडायला तयार आहे, काकालाही सांगेन. तो शिव्या देईल. पण माझी अट आहे: विक्रीबंदी गावातल्या मच्छीमाराला लागू करायची नाही, होडी असो वा नसो.

रीलवाला_पुणे:
मग आम्ही मच्छीमार सोसायटीचे सभासद होतो, झालं! एकाच किनाऱ्यावर दोन कायदे कसे?

गाबीत_देवबाग:
दोन पोटं आहेत म्हणून दोन कायदे. तुमचं पुण्यात भरतं.

डोलकाठी:
मला विचाराल तर सभासदत्व बघा. नाहीतर प्रत्येक जण मच्छीमार होईल, त्या आयटीवाल्यासकट.

गाबीत_देवबाग:
ताई, तुमच्याकडे सोसायट्या मोठ्या, बोटी मोठ्या. आमच्याकडे गरीवाला, कालवं काढणारी बाई, शिंपले काढणारी पोरं, यांतल्या किती जणांचं नाव कुठल्या कागदावर आहे? कागद बघायला लागलात की हेच आधी बाहेर पडतील.

ब्रिस्बेनहून:
ग्रामपंचायतीने ओळख दिली तर?

गाबीत_देवबाग:
तुम्ही गावचं राजकारण विसरलात.

रीलवाला_पुणे:
ठीक आहे. विकणं बंद, मान्य, मी कधी विकला नाही आणि विकणाऱ्यांची बाजूही घेणार नाही. ९० च्या वरचा परत, हेही मान्य, पण कायद्याने म्हणून नाही. आमच्या गटात आम्ही ठरवू. दिवसाला एक हे मान्य नाही. चारशे किलोमीटर गाडी हाणून एका माशासाठी कोणी येणार नाही, आणि ज्यांच्या घरी आम्ही उतरतो त्यांनाही ते नको असेल, त्यांना विचारा. मित्राला मोठ्याचा फोटो पोस्टमधून काढून टाकायला सांगितलाय. ऐकेल की नाही माहीत नाही.

खाडीकाठ:
फोटोपेक्षा जागेचं नाव आधी काढून टाकायला सांगा. काल त्या मुखाशी सात गाड्या होत्या. आणि गटात ठरवून भागत नाही. तुमच्या गटात नसलेले सहा जण त्या सातांत होते. मी तालुक्याच्या मत्स्य कार्यालयात अर्ज देतोय: जिताड्याला वरची मर्यादा आणि हौशी माणसाला विक्रीबंदी, एवढंच. परवाना त्यात नाही. गाबीत, तुमची अट शब्द न बदलता घालतो. सही द्याल का?

गाबीत_देवबाग:
आधी मसुदा पाठवा. काकाला वाचून दाखवतो. त्यात परवाना हा शब्द कुठेही दिसला, तर जेट्टीवर पहिला विरोध माझा असेल.