पुण्यातच राहून परदेशी संस्कृती अनुभवायची तर कुठे जावं, आणि जाण्याआधी काय शिकावं?

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. पुणे न सोडता एखाद्या परदेशी संस्कृतीची जवळून ओळख करून घ्यायची आहे. मॉलमधले फूड फेस्टिव्हल नकोत, तिथे फक्त पोट भरतं. आम्ही दोघं आणि नववीतली मुलगी, शनिवार-रविवार मोकळे. कार्यक्रम कुठे कळतात? आणि तिथे नुसतं कोपऱ्यात उभं राहावं लागू नये म्हणून काय तयारी करावी?

पेठकर:
जिथे भाषा शिकवतात तिथून सुरुवात करा. जर्मनसाठी बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग. या संस्थांच्या सूचनाफलकावर आणि ईमेल यादीत जे येतं ते वर्तमानपत्रात क्वचितच छापून येतं. 21 जून लक्षात ठेवा: फ्रान्समध्ये 1982 साली सुरू झालेला 'फेत द ला म्युझिक' हा संगीतोत्सव त्या दिवशी असतो. हौशी लोकांनीही वाजवायचं आणि ऐकणाऱ्याला तिकीट नाही, ही त्यामागची कल्पना. मुलगी काही वाजवत असेल तर महिनाभर आधी विचारा. जपानी शिकणाऱ्यांची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, तेव्हा त्याआधीचे दोन आठवडे त्यांना कशातही ओढू नका.

माझं आग्रहाचं सांगणं एकच: वर्षाला एकच संस्कृती धरा. दर रविवारी नवा देश पाहिलात तर हाती फक्त फोटो उरतील.

ततामी:
जपान धरलंत तर चहाविधीचं प्रात्यक्षिक चुकवू नका, पण पाहुण्याचं काम शिकून जा. पांढरे स्वच्छ मोजे सोबत न्या आणि दाराशी बदला. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. नाहीतर चहाच्या वाडग्यावर चरा पडतो. अत्तर लावू नका, चहाचा वास मरतो. ततामीच्या (जमिनीवर अंथरलेल्या जपानी चटईच्या) कापडी काठावर पाय द्यायचा नाही. बसायचं आपल्या वज्रासनात. रोज दहा मिनिटं सराव करा. पायाला मुंग्या आल्या तर यजमानाला सांगून मांडी घाला, पण एकदम उठू नका, तोल जातो.

मिठाई आधी संपवायची, चहा नंतर. इथेच बहुतेकांची चूक होते: आपण फराळाबरोबर चहा घेतो, पण तिथे तोंडात गोडवा राहिला की वर कडू चहा, असा क्रम आहे. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवा आणि घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा थोडा फिरवा, म्हणजे त्याची नक्षीची बाजू ओठांना लागत नाही. शेवटचा घोट आवाज करून ओढा. ओठ लागले ती जागा बोटांनी पुसा आणि उलटं फिरवून वाडगा खाली ठेवा.

घरी करून पाहायचा तर दोन ग्रॅम माचा (हिरव्या चहाची पूड) गाळणीतून चाळून घ्या, 70 मिली पाणी साधारण 80 अंशांचं. उकळतं ओतलं की कडवट होतो, न चाळता घेतला की गुठळ्या राहतात. बांबूची घुसळणी (चासेन) आधी कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर टोकं मोडतात. रवीसारखी गोल फिरवू नका. मनगट सैल ठेवून पुढे-मागे भराभर चालवा.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यानही याच अभ्यासातलं. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय; मूळ बाग 1700 साली पूर्ण झाली. एका जागी उभं राहून ती कळत नाही. वाट वळते तसं समोरचं दृश्य झाकतं आणि उघडतं, म्हणून सगळी वाट सावकाश चाला.

सबटायटल:
साधारण जानेवारी-फेब्रुवारीतला पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हचे खेळ विसरू नका. पिफला आधी नोंदणी करावी लागते, पण पास म्हणजे राखीव खुर्ची नव्हे. अर्धा तास आधी रांगेत लागा. मधल्या रांगा धरा, पुढच्याच्या डोक्याआड उपशीर्षकं जातात. आधी प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र पाहा, मुलगी नववीत आहे.

मुठाकाठ:
खूप आभार. एका इराणी विद्यार्थ्याने नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, बोलावलंय. काय नेऊ?

गव्हांकुर:
हाताने उगवलेलं सब्जे (गव्हाचे कोंब) न्या, यासारखी भेट नाही. नवरोजच्या 'हफ्त-सीन' मांडणीत 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू असतात: सब्जे (कोंब), सीब (सफरचंद), सीर (लसूण), सेर्के (व्हिनेगर), सोमाक (आंबट मसाला), सेंजेद हे सुकं फळ आणि गव्हाच्या कोंबांची खीर समनू. सुरुवात विषुवदिनाच्या क्षणाला होते, 20 किंवा 21 मार्चला. वेळ दरवर्षी बदलते, म्हणून बोलावणाऱ्यालाच विचारा.

घट बसवताना आपण धान्य रुजवतो तसंच हे, फक्त मातीशिवाय. वाटीभर गहू एक दिवस भिजवा, दोन दिवस ओल्या फडक्यात बांधा, मोड आले की पसरट ताटलीत एक थर पसरा. दहा-बारा दिवस आधी सुरुवात करा. पुण्याच्या मार्चच्या उन्हात ताटली खिडकीत ठेवू नका आणि तळाशी पाणी साचू देऊ नका, आंबूस वास येऊन बुरशी धरते. दिवसातून दोनदा पाणी शिंपडलं की पुरे. बोटभर उंच झालं की लाल रिबीन बांधा.

तिथे पहिल्या नकाराला नकार धरत नाहीत, 'तारोफ'ची रीत आहे. तुम्ही नको म्हणालात तरी पुन्हा आग्रह होईल. तुम्हीही त्यांना दोन-तीनदा आग्रह करा. तेराव्या दिवशी सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात, त्याआधी पातींची गाठ मारून मनात इच्छा धरतात. पाण्यात सोडताना रिबीन मात्र काढून घ्या.