कोथरूड ते हिंजवडी रोजची ये-जा: स्ट्राँग हायब्रिड की साधी पेट्रोल ऑटोमॅटिक?

कर्वेनगर_५
घरात पाच जण, त्यांत आई-बाबा सत्तरीचे. रोज जाऊन-येऊन ३५ किमी, तेही चांदणी चौक-बावधनच्या गर्दीत. महिन्याकाठी मुंबई किंवा साताऱ्याची एक फेरी. सोसायटी चार्जर बसवू देत नाही, त्यामुळे ईव्ही बाद. मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर यांची हायब्रिड घेतली तर जादा पैसे वसूल होतील का? बॅटरीचं पुढे काय होतं?

हिशेबवही
आधी एक घोळ मिटवा. या गाड्यांच्या साध्या पेट्रोललाही ब्रोशरमध्ये 'हायब्रिड' म्हटलेलं असतं. ती माइल्ड, तिची छोटी मोटर गाडी ओढत नाही, इंजिनाला नुसता हात देते. विजेवर चालते ती स्ट्राँग. शिवाय तुलना ऑटोमॅटिकशी करा. मॅन्युअलची किंमत समोर ठेवली तर फरक उगाच मोठा दिसतो.

तुमचे वर्षाला शहरातले ९,००० आणि हायवेचे ३,५०० किमी होतील. गर्दीत साधी ऑटोमॅटिक लिटरला ११ किमी आणि हायब्रिड २० देते असं धरा, हायवेला १६ आणि २१. शहरात ३६८ लिटर वाचतात, हायवेला जेमतेम ५२. म्हणजे ४२० लिटर. १०४ रुपये दराने साधारण ४३,७००. ऑन-रोड फरक अडीच लाख असेल तर पावणेसहा वर्षं लागतात. ब्रोशरमधला लिटरला २७.९७ किमीचा आकडा हिशेबात धरूच नका. ज्याचं सगळं फिरणं हायवेचं आहे त्याने हायब्रिडच्या वाटेला जाऊ नये, पण तुमचं रोजचं रखडणं हीच तिची खरी जागा आहे.

आणि ईव्हीची करसवलत इथे मिळेल असं समजू नका. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला जीएसटी ४० टक्के आहे, ईव्हीला ५.

पान्हा_१०_१२
मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी असते. लोक तिलाच घाबरतात, पण गाडी रस्त्यात अडवते ती १२ व्होल्टची साधी बॅटरी. मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा स्विच, तीच ओढते. ती उतरली तर पाऊण टाकी पेट्रोल असूनही गाडी चालायला तयार असल्याचा 'रेडी' दिवा लागत नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास 'रेडी'त ठेवा. नुसतं ॲक्सेसरीवर ठेवलंत तर उलट उतरते.

मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा केबिनमधली हवा ओढतो. त्याची जाळी कुठे आहे ते डिलिव्हरीच्या वेळीच दाखवून घ्या. तिच्यावर पिशव्या, चादरी टाकू नका आणि सर्व्हिसला ती साफ करायला सांगा. जाळी धुळीने तुंबली की बॅटरी तापते, मग गाडी विजेवर कमी चालते आणि मायलेज पडतं.

एसीचा गॅस कोपऱ्यावरच्या गॅरेजात भरू नका, हे कळकळीने सांगतो. कॉम्प्रेसर विजेवरचा आहे, त्याला वीज न वाहणारं पीओई तेलच लागतं. नेहमीचं पीएजी तेल गेलं तर इन्सुलेशन बिघडतं, एरर येते आणि कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते.

जमेच्या बाजूला क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ई-सीव्हीटीत, म्हणजे हिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, पट्टाही नसतो, नुसते गिअर आणि दोन मोटरी. ब्रेक दाबला की आधी मोटरच गाडी रोखते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत भरते, म्हणून ब्रेक पॅड खूप टिकतात. मात्र कमी वापरामुळे पावसाळ्यात डिस्क गंजते, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. वर्षातून एकदा त्या काढून ग्रीस लावून घ्या.

घाटवाट
मुंबईची फेरी आहे म्हणून सांगतो. पाच माणसांसकट १,६०० किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे ५०० मीटर उतरते, म्हणजे दोन युनिटांहून जास्त ऊर्जा. बॅटरी पाऊण युनिटाची, त्यातलीही निम्म्याहून कमीच वापरात येते. त्यामुळे घाट निम्मा उतरेपर्यंत ती भरते आणि पुढची ऊर्जा घ्यायला जागा उरत नाही. वरूनच गिअरचा लिव्हर 'बी'वर, म्हणजे उतारासाठीच्या खुणेवर, घ्या. इंजिन जोरात ओरडेल, तो बिघाड नाही. गाडी इंजिनावर रोखली जातेय.

शहरात उलट करा. पुढचा सिग्नल लाल दिसला की पाय लवकर उचला आणि ब्रेक हलका, लांबून दाबा. शेवटच्या क्षणी कचकन दाबलात तर वीज बनायच्या ऐवजी पॅड तापतात.

कर्वेनगर_५
आभारी आहे. डिकी लहान आहे म्हणतात, खरं का?

हिशेबवही
खरं आहे. साधीत ३७३ लिटर, हायब्रिडमध्ये २६५, कारण बॅटरी तिथेच खाली आहे. एक मोठी बॅग आणि दोन मऊ पिशव्या, बस. गणपतीला पाच जणांचं सामान घेऊन कोकणात जाणार असाल तर शोरूमला घरच्या बॅगा नेऊन ठेवून बघा. आई-बाबांना मागच्या सीटवर चढ-उतार करायला लावा तेही त्याच वेळी.

पान्हा_१०_१२
बॅटरी खाली आहे म्हणून विम्याचंही बघा. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं, तसं तुमच्या पार्किंगमध्ये शिरलं तर विम्यातलं इंजिनासाठीचं 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कवच नुसतं पुरेलच असं नाही. हायब्रिड बॅटरी आणि मोटर धरली आहे का, हे पॉलिसीत लेखी बघा. पाण्यात उभी राहिलेली गाडी 'रेडी'ला टाकू नका आणि मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावू नका. टोइंगला फोन करा, गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे चारही चाकं वर चढवूनच, न्यायला सांगा.