ट्रेडमिल सोमवारी यायलंय, घरात काय तयारी करावी? (बजेट ५ हजार)

तूरडाळ_लातूर
नमस्कार मंडळी. दादांना शुगर निघाली, डॉक्टरनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. सकाळी गल्लीत कुत्री मागं लागतात अन् नऊ वाजले की ऊन, म्हणून ट्रेडमिल बुक करून टाकलं. मशीन ७० किलोचं, पेटी सहा फूट लांब. वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली रिकामी आहे, तिथं ठेवावं म्हणायलोय. मॅट, वायरिंग सगळं धरून ५ हजार. कोणतं घ्यावं ते सांगू नका, घेऊन झालंय.

गोदाकाठ
कोणतं घेतलं? मी दोन वर्षाखाली ८५ हजाराचं घेतलं, खोलीला एसी बसवला, एका भिंतीला आरसा. नांदेडच्या उन्हात एसीशिवाय पळणं म्हणजे भट्टीत उभं राहणं. आधी एसी घ्या, बाकीचं नंतर बघा.

मोंढा_नाका
जिना मोजला का? आमची पेटी वळणावर अशी अडकली की वरही जाईना अन् खालीही येईना, दोन हमाल, मी अन् मेव्हणा, चौघंही घामाघूम. शेवटी तिथंच पेटी फाडली अन् रेलिंगचा गज कापला, वेल्डरचे पैसे वेगळे गेले. दाराचं माप घेताना पण दार उघडून चौकटीत किती जागा उरते ते बघा, नुसती चौकट मोजू नका, मी तेच केलतं.

अंबाजोगाईकर
मशीन ७० अन् माणूस ८०, दीडशे किलो झाले की. स्लॅब चिरला मग? आमच्या शेजाऱ्याला सगळ्यांनी खालीच ठेवा म्हणून सांगितलं होतं.

मोंढा_नाका
साखरपुड्याला त्याच खोलीत वीस माणसं बसतात तेव्हा नाही चिरत ते? चांगल्या स्लॅबला काही होत नाही. खाली झोपलेल्याला धपधप ऐकू येतं तेवढंच, त्याला जाड रबरी मॅट टाका.

खटक्यावर_बोट
वायरमन आहे म्हणून सांगतो, बाकी सोडा, १६ अँपिअरचा पॉइंट वेगळा काढा. डीबीपासून (घरातली मेन स्विचची पेटी) अडीच एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा खटका). एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. गेल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाकडं गेलो, बोर्ड कपाटामागं, प्लग उपसायला गेलो तर प्लास्टिक वितळून पिनांना चिकटलेलं, पक्कडीनं ओढावं लागलं. अन् अर्थिंग तपासा, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आठ दिवसाला दोन बादल्या पाणी ओतत जा.

निवांत_परभणी
लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं अन् तुम्ही खड्ड्यात ओताय सांगायलाव 😂

खटक्यावर_बोट
भांडी धुतलेलं ओता की मग, खड्ड्याला काय कळतंय.

निवांत_परभणी
बरं, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालंल का? आमच्याकडं दुपारी हमखास जाते.

खटक्यावर_बोट
नाही. दोन एचपीची मोटर म्हणजे जवळपास दीड हजार वॅट, घरचा इन्व्हर्टर लगेच ट्रिप मारतो.

गोदाकाठ
माझ्या मित्राच्या घरी चालतंय इन्व्हर्टरवर.

खटक्यावर_बोट
मग मित्रालाच विचारा.

काळी_माती_जालना
जागेचं कुणीच बोलंना. मागं सहा फूट मोकळं लागतं, बाजूला दीड-दोन फूट. मी भिंतीला चिटकून ठेवलं होतं, पाय सटकला अन् पट्टा अन् भिंतीच्या मधी अडकलो, कोपराची सालटी निघाली, बायको हसायला लागली ते वेगळं. तुमची खोली दहा फुटाची, सहाचं मशीन ठेवल्यावर मागं चारच राहायलेत. शेपटी दाराकडं करा अन् दार उघडं ठेवून चाला. लाल चावीची (ती निघाली की पट्टा थांबतो) क्लिप दादांच्या शर्टाला लावायची, मशीन बंद झालं की चावी काढून घ्यायची, लेकरं असतील तर तर नक्कीच.

अंबाजोगाईकर
सहा महिन्यांनी कपडे वाळत घालताल त्याच्यावर. शेताच्या बांधावरून चाललं तर फुकटात होतंय.

तूरडाळ_लातूर
शेत अठरा किलोमीटरवर आहे हो.

देवगिरी_पायथा
पट्ट्याखाली सिलिकॉनचंच तेल टाका. मी शिलाई मशीनचं टाकलं, तेलाला धूळ चिकटून सगळा राब झाला, पट्टा बदलावा लागला. अन् मॅट टाकाच.

मोंढा_नाका
मॅटचं मी सांगितलंय वर.

तूरडाळ_लातूर
सगळ्यांचे आभार. जिना मोजला, वळणावर पेटी बसंना. दादा म्हणाले तसंही मी वर चढणार नाही, मला येणारं-जाणारं माणूस दिसलं पाहिजे. त्यामुळं बाहेरच्या ओट्यावर पत्र्याखाली ठेवायचं ठरलंय, रस्त्याकडं तोंड करून. वेगळा पॉइंट वायरमननं २४०० ला काढून दिला, मॅट १८०० ची. वरून शेतातली ताडपत्री टाकू.

काळी_माती_जालना
ओट्यावर?? धूळ, ऊन, पाऊस, सगळंच की. मशीनला खोली पाहिजे राव.

खटक्यावर_बोट
पाऊस कोणत्या बाजूनं झोडपतो तुमच्याकडं?

तूरडाळ_लातूर
पश्चिमेकडून.

खटक्यावर_बोट
अन् ओटा?

तूरडाळ_लातूर
पश्चिमेलाच आहे. पण दादांनी खुर्ची हलवून जागा करून पण ठेवली.