अंदमानात प्रवाळांमध्ये स्कूबा डाइव्ह : दिवसांचा क्रम कसा लावावा?

घोडबंदरकर यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी, माझे यजमान आणि आमची तेरा वर्षांची मुलगी असे तिघे सहा दिवसांसाठी अंदमानला जाणार आहोत. मुलगी ठाण्यातल्या महापालिकेच्या तरणतलावात नियमित पोहते. यजमानांनाही पोहता येते, मात्र ते रक्तदाबाची गोळी घेतात. मला पोहता येत नाही, तरीही प्रवाळ एकदा तरी डोळ्यांनी पाहावेत अशी फार इच्छा आहे.

सहल ठरवून देणाऱ्यांनी जो कार्यक्रम पाठवला आहे त्यात आधी सेल्युलर जेल आणि श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, इथला परिसर, मग स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, आणि शेवटच्या दिवशी पहाटे डाइव्ह, त्यानंतर बोटीने परतून त्याच दुपारी विमान, असा क्रम आहे. हा क्रम योग्य आहे का? मुलीने पूर्ण अभ्यासक्रम करावा की आम्ही तिघांनी एकेक परिचयाची डाइव्ह करावी? रक्तदाबाबाबत काय काळजी घ्यावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

नेरूळचा पाणबुड्या

पहिली गोष्ट, हा कार्यक्रम आहे तसा स्वीकारू नका. पाण्याखाली दाबाने श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो व वर आल्यानंतर तो कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी ठेवलेला असतो, त्यामुळे उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही उद्भवू शकते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी की एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्यास किमान 18 तास विमानात बसू नये. मी स्वतः पूर्ण दिवस मोकळा ठेवतो आणि इतरांनाही तेच सांगतो.

म्हणून आराखडा परतीच्या विमानापासून मागे मोजत लिहा. उतरल्यावर शक्य तितक्या लवकर स्वराज द्वीप गाठा, डाइव्ह तिथे सुरुवातीच्या दिवसांत आटोपा, आणि सेल्युलर जेल, संग्रहालये, बाजार हे सगळे शेवटच्या दीड-दोन दिवसांसाठी ठेवा. फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो, तरी वाऱ्यामुळे एखाद्या दिवशी बोटी निघत नाहीत. डाइव्ह आधी ठेवल्या तर अशा वेळी दुसरा दिवस हाताशी राहतो.

अभ्यासक्रमाबाबत : परिचयाच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक सतत सोबत असतो, खोली 12 मीटरच्या आत राहते आणि पोहता येणे सक्तीचे नसते. ओपन वॉटर, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या पहिल्या पूर्ण अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस लागतात. दहा वर्षांवरील मुलांना तो करता येतो आणि तुमच्या मुलीच्या वयाला 18 मीटरपर्यंत, प्रमाणपत्रधारक प्रौढाबरोबर, उतरता येते. त्यासाठी 200 मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे दाखवावे लागते, ते तिला जड जाऊ नये. पुस्तकी भाग ठाण्यात घरी बसून ऑनलाइन पुरा केला तर तिथले दिवस पाण्यासाठी मोकळे राहतील. तुमच्यासाठी मात्र एक सुचवतो : आतापासून जानेवारीपर्यंत तरणतलावाच्या उथळ भागात मास्क लावून तोंडाने श्वास घेण्याची सवय करा. नवख्यांना धाप लागते ती बहुतेक वेळा मास्कमध्ये शिरलेल्या चार थेंब पाण्यामुळे.

वाशीच्या डॉक्टर

मी फिजिशियन आहे, परंतु इथे केवळ सर्वसाधारण माहिती देते. नियंत्रणात असलेला रक्तदाब हा आपोआप अडसर ठरत नाही. तरीही शरीर पाण्यात बुडाले की हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो, म्हणून यजमानांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन औषधाचे नाव सांगून लेखी संमती घ्यावी. काही औषधांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांनी, श्रमाच्या वेळी हृदयाची गती पुरेशी वाढत नाही, आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची वेळ आली तर ही मर्यादा जाणवते. डाइव्ह केंद्रावर आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. तिथे दमा, फिट, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नये. संमतीपत्र ठाण्यातूनच न्यावे, तिथे पोहोचून डॉक्टर शोधण्यात दिवस जातो.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकून कानातला दाब सारखा करावा लागतो, ते दुखण्याआधीच करायचे असते. कान दुखू लागला तर जोर न लावता थोडे वर यावे. सर्वांत महत्त्वाचे, श्वास कधीही रोखू नये. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट पसरते आणि रोखलेल्या श्वासाने फुप्फुस फाटू शकते.

घोडबंदरकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. क्रम उलटा करून मागितला आहे. आता जागा कोणती निवडावी? डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज यांची छायाचित्रे पाहून मुलीने त्यांचाच हट्ट धरला आहे.

ऐरोलीकर

त्या दोन्ही जागा खोल आहेत आणि तिथे प्रवाहही असतो. अनुभवी लोकांसाठी त्या योग्य आहेत, मुलीने थोडी वर्षे वाट पाहावी. नवख्यांना नेमो रीफवर नेतात. ती किनाऱ्यालगतची उथळ जागा आहे, उजेड भरपूर पोहोचतो, आणि उथळ पाण्यात हवा जास्त वेळ पुरते. 18 मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट हवा लागते. सिलिंडर साधारण 200 बार (बार हे दाबाचे एकक) इतक्या दाबाने भरलेला असतो आणि 50 बार शिल्लक असताना वर आलेले असावे, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

तारखा अजून हलवता येत असतील तर तिथीही पाहा. आपल्याकडचे कोळी बांधव उधाण आणि भांग जसे पाहतात तसेच तिथेही पाहता येते : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा ओढा जोराचा, अष्टमीच्या आसपास सौम्य. नवख्या कुटुंबासाठी भांगाचे दिवस केव्हाही बरे.

प्रवाळांविषयी कळकळीने लिहितो. 2010 मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने अंदमानात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि 2016 मध्ये पुन्हा तसे घडले. जे सावरले आहेत त्यांना फिनचा, म्हणजे पोहताना पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पट्टीचा, एक फटकाही तोडू शकतो. म्हणून तरंगण्याचा तोल जमेपर्यंत प्रवाळभित्तीपासून हातभर नव्हे, चांगले दोन मीटर लांब राहा, कशालाही धरू नका, आणि उन्हासाठी लावायच्या क्रीमऐवजी लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा अंगाला घट्ट बसणारा सदरा, घाला. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही सामानात टाकू नये.

नेरूळचा पाणबुड्या

ऐरोलीकरांशी पूर्ण सहमत. दोन गोष्टी राहिल्या. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नसावा आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे. प्रशिक्षक हे करून घेतीलच, पण का थांबलो हे मुलीला ठाऊक असले तर ती घाई करणार नाही. प्रवास विम्यात स्कूबा धरलेला आहे का, हेही पैसे भरण्याआधी लेखी विचारा, कारण अनेक साध्या योजनांत तो वगळलेला असतो.

आणि कोणी आधी मालवणला सराव म्हणून जाणार असेल तर परतीचा रस्ताही लक्षात घ्यावा. डाइव्हनंतर त्याच दिवशी आंबोली घाट चढून ठाण्याकडे येऊ नये, तिथली उंची सुमारे 690 मीटर आहे. किनाऱ्याच्या महामार्गाने यावे, किंवा रात्री तिथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी निघावे.