हातातल्या कन्सोलवर काय खेळावं? (अनुभव धागा)

मोठ्या पडद्यासाठी केलेला गेम हातातल्या कन्सोलवर कोंबला की तो चालतो, पण रंगत नाही. अक्षरं मुंगीएवढी, सेव्हची जागा अर्ध्या तासावर, आणि लढाई ऐन भरात असताना बॅटरी लाल. म्हणून इथे नुसती नावांची यादी नको. गेम कोणता, कुठल्या यंत्रावर, एका बैठकीला किती वेळ लागतो, मध्येच बंद केला तर काय होतं आणि नवखा माणूस नेमका कुठे अडतो, हे लिहा. ‘भारी आहे, नक्की खेळा’ एवढ्यावर कुणी सुटणार नाही.

सुरुवात निंटेंडोच्या गेम बॉयवरच्या टेट्रिसने. कन्सोल १९८९ चा, पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा, छटा चार. या मर्यादेत पूर्ण बसणारा गेम म्हणजे हाच. आजच्या टेट्रिसची सवय असेल तर तीन सोयी विसरा: तुकडा बाजूला राखून ठेवता येत नाही, एका बटणात खाली आपटता येत नाही, आणि पुढचा एकच तुकडा दिसतो. तुकडे पडतात ती विहीर १० चौकोन रुंद, १८ उंच. लेव्हल शून्यवर एक ओळ फोडली तर ४० गुण, दोन एकदम १००, तीन ३००, चार एकदम १२००. म्हणजे चार ओळी सुट्या फोडल्या तर १६० आणि एका फटक्यात फोडल्या तर १२००. म्हणून कडेचा एक रकाना रिकामा ठेवून लांब काठीची वाट पाहायची. फसतं ते इथेच. त्या रकान्यावर एखादा तुकडा आडवा बसला की लोक तरीही काठीची वाट पाहत बसतात. तसं न करता आधी वरच्या ओळी एकेक करून फोडा, रकाना मोकळा करा, मग पुन्हा रचा. हातात पाचच मिनिटं असतील तर बी टाइप: २५ ओळी झाल्या की डाव संपला. आणि बोटं फारच चटावली असतील तर शीर्षकाच्या पडद्यावर खालचं बटण दाबून ठेवून स्टार्ट दाबा. लेव्हलच्या आकड्याशेजारी बदाम येतो आणि वेग दहा लेव्हलने वाढतो.

•

पिक्रॉस. निंटेंडोच्या डीएसवर, थ्रीडीएसवर, स्विचवर, कुठेही. आकड्यांवरून चौकोन भरत चित्र काढायचं; ओळीच्या कडेचा आकडा म्हणजे त्या ओळीत सलग किती चौकोन भरायचे. एक कोडं पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत, आणि कुठेही थांबवता येतं.

नवखे लोक अंदाजाने भरतात आणि वैतागतात. अंदाज लागतच नाही, मोजणी लागते. ओळ १५ चौकोनांची आणि आकडा ९ असेल तर मोकळीक १५ वजा ९, म्हणजे ६. आकड्यातून मोकळीक वजा करा: ९ वजा ६, म्हणजे ३. पट्टी डावीकडे ढकला वा उजवीकडे, मधले ७, ८, ९ हे तीन चौकोन भरलेलेच असणार. दोन आकडे असले तरी हेच. ‘४ ६’ ला मधल्या फटीसकट ११ चौकोन लागतात, मोकळीक ४. पहिल्या आकड्यातून काहीच हाती लागत नाही, पण दुसऱ्यातून दोन चौकोन पक्के होतात: दहावा आणि अकरावा. सगळ्या ओळी आणि रकाने एकदा असे चाळून घ्या, निम्मं चित्र तिथेच उभं राहतं. रिकामे ठरलेले चौकोन फुलीने मारत चला. ज्यांचं कोडं अडतं, त्यांच्या पडद्यावर बहुतेक वेळा फुल्याच नसतात.

१९९५ च्या गेम बॉयवरच्या मारिओज पिक्रॉसमध्ये चूक महागात पडते. अर्ध्या तासाच्या घड्याळातून पहिल्या चुकीला २ मिनिटं जातात, दुसरीला ४, पुढे ८. स्विचवरच्या पिक्रॉस एस मालिकेत चुका दाखवणारी मदत असते. ती बंद करूनच खेळा, नाहीतर डोकं चालवायचं कारणच उरत नाही.

•

ॲडव्हान्स वॉर्स. मूळ गेम बॉय ॲडव्हान्सचा, २००१ चा. पहिला आणि दुसरा भाग नव्या चित्रांसह २०२३ मध्ये स्विचवर एकत्र आले. चाली आळीपाळीने असल्यामुळे हातातल्या यंत्राला हा अगदी चपखल बसतो. आपल्या चालीत कधीही सेव्ह करून उठता येतं. मात्र एक नकाशा तासभर सहज खातो.

हरण्याचं कारण जवळजवळ नेहमी पैसा असतं. प्रत्येक शहर दर फेरीला १००० देतं. पायदळाची तुकडी १००० ला, रणगाडा ७००० ला, तोफ ६००० ला. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत रणगाड्याची हाव सोडून पायदळ काढा आणि शहरं ताब्यात घ्या. शहराचे २० गुण असतात आणि तुकडीची जितकी ताकद तितके दर फेरीला वजा होतात. पूर्ण १० ताकदीची तुकडी दोन फेऱ्यांत शहर घेते. मध्ये मार खाऊन ती ७ वर आली तर १० अधिक ७, १७ च होतात आणि तिसरी फेरी लागते. तुकडी चौकोन सोडून हलली तर पुन्हा २० पासून. म्हणून शहर घेत असलेल्या पायदळासमोर काहीतरी आडोसा उभा करा.

दुसरी चूक तोफेची. ती दोन ते तीन चौकोन लांब मारते, पण ज्या फेरीत हलली त्या फेरीत मारत नाही, आणि शेजारी येऊन भिडलेल्याला प्रत्युत्तरही देत नाही. पुढे अरुंद वाटेत रणगाडा, मागे दोन चौकोनांवर तोफ, एवढी जोडी लावली की निम्मे नकाशे सुटतात. रणगाड्याने मारताना पहिला वार आपला असेल असं बघा. समोरचा जी ताकद उरली तेवढ्यानेच उलट मारतो.

•

जुन्या कार्ट्रिज शोधणाऱ्यांसाठी, विशेषतः पोकेमॉन. कार्ट्रिजच्या आत एक छोटा गोल सेल असतो आणि तो काय काम करतो हे प्रत्येक पिढीत वेगळं आहे. रेड-ब्लूमध्ये सेव्ह त्याच सेलवर जिवंत असतं. गोल्ड-सिल्व्हरमध्ये सेव्ह आणि घड्याळ दोन्ही त्याच्यावर, म्हणून तो लवकर संपतो आणि संपला की सेव्ह जातं. रुबी-सफायर-एमराल्डमध्ये सेव्ह वेगळ्या चिपवर असतं, सेल फक्त घड्याळाचा. तिथे ‘आतली बॅटरी संपली आहे’ असा संदेश आला तर घाबरू नका. गेम पूर्ण खेळता येतो, फक्त बेरी वाढायच्या थांबतात, भरती-ओहोटी थांबते.

सेल बदलताना: गेम बॉयच्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट हा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर. गोल्ड-सिल्व्हरला सीआर २०२५, रुबी-सफायरला सीआर १६१६. पट्ट्या आधीच जोडलेला सेल घ्या. नुसत्या सेलवर सोल्डर करायला गेलात तर तो तापून खराब होतो, आणि चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल एका धक्क्यात सुटतो, त्याबरोबर सेव्हही. अधिक-उणे बाजू काढण्यापूर्वी बघून ठेवा. आणि पहिल्या दोन पिढ्यांत सेल काढला त्या क्षणी जुनं सेव्ह पुसलं जातं. ते हवं असेल तर कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने आधी उतरवून घ्या.

गेम सुरूच होत नसेल तर आत फुंकू नका. तोंडाची वाफ संपर्कपट्ट्यांना गंज आणते. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या. बहुतेक ‘मेलेल्या’ कार्ट्रिज एवढ्याने उठतात.

•

जुन्या ॲडव्हान्सचा विषय निघालाच आहे तर गोल्डन सन हा रोल-प्लेइंग गेम. दोन भागांची सलग कथा, आणि पहिल्या भागातली माणसं, त्यांची ताकद, सामान हे सगळं दुसऱ्यात नेता येतं. दोन कन्सोल आणि जोडकेबल असेल तर सोपं. नसेल तर पासवर्ड, आणि सगळं न्यायचं असेल तर तो पासवर्ड २६० अक्षरांचा! कागदावर दहा-दहाच्या गटांत उतरवा, नाहीतर एक अक्षर हुकलं की शोधत बसाल. त्यापेक्षा फोनने फोटो काढा.

•

बलात्रो, २०२४ चा. स्विच, स्टीम डेक (हातात धरायचा गेमिंग पीसी), कुठेही. पत्ते आहेत, पण जुगार नाही. आठ टप्पे, प्रत्येकात तीन फेऱ्या, पूर्ण डाव साधारण तासाभराचा. मध्येच बंद केला तर तिथूनच पुढे सुरू.

गणित एकदा हाताने करून पाहिलं की गेम उलगडतो. बदामचे राजा, गुलाम, नव्वी, छक्की आणि तिर्री टाकली. पाचही पत्ते एकाच चिन्हाचे, म्हणजे हा फ्लश झाला: मूळ ३५ गुण आणि ४ ची पट. पत्त्यांचे १०, १०, ९, ६, ३ मिळून ३८. एकूण ७३ गुणिले ४, म्हणजे २९२. पहिल्या फेरीला ३०० लागतात, आठाने हुकलं! आता पटीत ४ मिळवणारा साधा जोकर असेल तर ७३ गुणिले ८, म्हणजे ५८४. त्याच्या जोडीला पट तिप्पट करणारा जोकर आला तर तो कुठे ठेवता याला महत्त्व आहे, कारण जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. आधी मिळवणारा, मग तिप्पट करणारा: ४ अधिक ४, गुणिले ३, म्हणजे २४, आणि गुण १७५२. उलट लावलं तर ४ गुणिले ३, अधिक ४, म्हणजे १६, आणि गुण ११६८. जोकर ओढून जागा बदलता येते हेच कित्येकांच्या लक्षात येत नाही.

आणि दुकानात हात आखडता ठेवा. शिल्लक दर ५ डॉलरला फेरीअखेर १ डॉलर व्याज, कमाल ५. म्हणजे २५ ची शिल्लक गाठेपर्यंत खर्च जपून, त्यावरचं मोकळेपणाने उडवा.

•

सोनीच्या पीएसपीवरचा पाटापॉन. पडद्यावरची बारकी काळी फौज ढोलाच्या तालावर चालते. चार ठोके तुमचे, पुढचे चार त्यांचे. चौकोन-चौकोन-चौकोन-गोल म्हणजे पुढे चला, गोल-गोल-चौकोन-गोल म्हणजे हल्ला, त्रिकोण-त्रिकोण-चौकोन-गोल म्हणजे बचाव. सगळ्यांची एकच चूक होते: फौज उत्तर देत असताना बटण दाबणं. त्या चार ठोक्यांत अंगठा उचलून धरा. दहा वेळा ताल न चुकता जमला की फौजेला ज्वर चढतो आणि मार कितीतरी वाढतो. ताल अचूक असेल तर त्याआधीच चढतो.

नव्या यंत्रांवर हा खेळणाऱ्यांनी ब्लूटूथ इयरफोन वापरू नयेत. आवाज उशिरा पोचतो, तुम्ही त्या उशिरा आलेल्या आवाजावर दाबता आणि गेम म्हणतो ताल चुकला. तारेचे इयरफोन घ्या. हे तालाच्या सगळ्याच गेमना लागू.

जुनी पीएसपी हाती आली तर आधी मागचं झाकण बघा. ते फुगीर दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. ती काढा, चार्ज करू नका, टोचू तर मुळीच नका.

•

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम स्विचवर घेणाऱ्यांना सूचना. यात सेव्ह फक्त रात्री झोपल्यावर होतं. गेममधली १० मिनिटं म्हणजे खरे ७ सेकंद, सकाळी ६ ते रात्री २ असा अख्खा दिवस धरला तर १४ मिनिटं. बॅटरी १०% च्या खाली असेल तर नवा दिवस सुरू करू नका. कन्सोल स्लीपमध्ये ठेवला आणि बॅटरी पूर्ण उतरली तर तो दिवस वाया. घाई असेल तेव्हा दुपारीच जाऊन झोपलात तरी सेव्ह होतं.

स्विचबद्दल आणखी एक: सेव्ह कन्सोलच्या आतल्या मेमरीतच राहतं, मायक्रोएसडी कार्डावर जात नाही. कार्ड दुसऱ्या कन्सोलमध्ये घातलं म्हणून प्रगती सोबत येत नाही. ॲनिमल क्रॉसिंग घरात दोघांना खेळायचा असेल तर हेही आधी ठरवा: एका कन्सोलवर एकच बेट. जो पहिला सुरू करतो त्याच्या हातात बेटाची सूत्रं, दुसरा रहिवासी.

•

झेल्डा मालिकेतला लिंक्स अवेकनिंग. मूळ १९९३ चा, नवा २०१९ चा. जुन्यात दोनच बटणं असल्याने तलवारसुद्धा काढ-घाल करावी लागते, नव्यात तलवार आणि ढालीला स्वतंत्र बटणं आहेत. पहिल्यांदा खेळत असाल तर सरळ नवा घ्या. दुकानातून चोरी करता येते, पण मग गेमभर सगळे तुम्हाला ‘चोर’ म्हणूनच हाक मारतात, आणि पुन्हा त्या दुकानात गेलात तर मालक जिवंत सोडत नाही.

•

घरात चार-पाच डीएस किंवा थ्रीडीएस पडून असतील तर मारिओ कार्ट डीएस. कार्ट्रिज एकच पुरते, बाकीचे डाउनलोड प्लेने जोडले जातात, एकूण आठ जण. इंटरनेट लागत नाही. पाहुण्यांना एकच पात्र आणि थोडेच ट्रॅक मिळतात, आणि यंत्र बंद केलं की डाउनलोड पुसलं जातं.

•

स्टीम डेकवाल्यांसाठी. गेमपेक्षा सेटिंगमुळेच जास्त लोक वैतागतात. पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॉट-तासांची. सगळं मिळून २४ वॉट ओढले तर १ तास ४० मिनिटं, १० वॉट ओढले तर ४ तास. साधा भागाकार आहे. तीन ठिपक्यांचं बटण दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, फ्रेम मर्यादा (सेकंदाला किती चित्रं) ४० करा. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३, आणि ४० ला २५, म्हणजे बरोबर मधली. डोळ्याला ३० पेक्षा खूपच गुळगुळीत वाटतं आणि बॅटरी ६० पेक्षा बरीच टिकते. त्यानंतर वॉटची मर्यादा १५ वरून एकेक खाली आणा. चित्र अडखळायला लागलं की एक वॉट वर. पत्त्यांच्या किंवा पिक्सेल-चित्रांच्या गेमना ५-६ वॉट बहुतेक पुरतात.

याच यंत्रावर इन्टू द ब्रीच लावून पाहा. ८ × ८ चा पट, शत्रू पुढे काय करणार ते आधीच दिसतं. त्याला मारण्यापेक्षा ढकला: एक चौकोन सरकवलं की त्याचा वार त्याच्याच सोबत्यावर बसतो. पूर्ण फेरी मागे घेण्याची सोय लढाईत एकदाच मिळते. ती पहिल्याच फेरीत उधळू नका.